पॅरिसचं घावणं

अकबर दर दोन वर्षांनी कुवेतहून बोर्लीला यायचा आणि दोन वर्षांची मारहाण दोन महिन्यांत उरकून परत जायचा. रबियाच्या सासरी ही गोष्ट कुणी लपवलीही नव्हती. सासू म्हणायची, "आखातातला माणूस हाय, डोकं तापतं त्याचं." शेजारणी म्हणायच्या, "दोन महिनेच ना गे, काढ." रबिया काढायची. पहिल्या सुट्टीत कानशिलात, दुसऱ्या सुट्टीत पट्ट्याने. तिसऱ्या सुट्टीत, पोर चार वर्षांची असताना, न्याहारीचं घावणं तव्यावर फाटलं म्हणून त्याने तिचा डावा हात ओट्याच्या कडेवर धरला आणि वरून गुडघ्याने दाबला. हाड मोडल्याचा आवाज तिने आधी ऐकला, दुखायला मागाहून लागलं.

अकबर परत गेला. हाताचं प्लास्टर निघायच्या सुमारास तिची सुरैया खाला सुट्टीवर आली. खाला वीस वर्षं कुवेतला एका घरी स्वयंपाकाला होती. तिने भाचीचं मनगट हातात घेतलं, वळवून पाहिलं. ते पुरतं वळत नव्हतं.

"माझ्यासंगती चल," खाला म्हणाली.

"खाला, तो तिथंच हाय ना."

"कुवेत काय बोर्लीची आळी हाय? तो फहाहीलला मच्छीच्या लाँचवर, मी मिश्रफला. इतक्या वर्षांत त्याचं तोंड पाह्यलं नाय मी."

कागदपत्रं व्हायला वर्ष गेलं. पोरगी, झरीन, दिवेआगरला रबियाच्या आईकडे राहिली. अकबरला कळलं तेव्हा त्याने फोनवर शिव्यांची लाखोली वाहिली. पण फोनमधून हात पोचत नाही. रबिया विमानात बसली.

तिला काम मिळालं ते लैलाच्या घरी. लैला शाळेत शिकवायची, नवरा वारलेला, दोन मुली. कुवेतला घरच्या मालकिणीला मामा म्हणतात. झरीनला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती लोळून लोळून हसली. लैलाचं तोंड तिखट होतं. पहिल्याच महिन्यात मुलींवर भडकून तिने एक बशी भिंतीवर फेकली. बशीचे तुकडे गोळा करायला ती स्वतःच वाकली, तेव्हा तिला टेबलाखाली दोन्ही हातांनी डोकं झाकून बसलेली रबिया दिसली. त्या घरात पुन्हा बशी फुटली नाही.

रबियाच्या जिभेची ओळख लैलाला हळूहळू पटली. कुणाच्या घरून मिठाई आली की रबिया एक तुकडा तोंडात टाकायची, डोळे मिटायची आणि सांगायची: यात वेलची जुनी आहे, तूप दोन प्रकारचं आहे, गुलाबपाणी बाटलीतलं आहे. एका शुक्रवारी तिने मुलींसाठी घावणी केली, तांदळाची, जाळीदार, नारळाच्या गोड रसात बुडवलेली. धाकटीने तीन खाल्ली आणि म्हणाली, "ममा, इट्स अ क्रेप! अ राइस क्रेप!" लैलाने एक खाल्लं आणि ती रिकाम्या बशीकडे पाहत बसली. शाळा सोडून स्वतःचं काहीतरी काढायचं तिच्या मनात कैक दिवस घोळत होतं.

अशा रीतीने, घर सोडून दहा वर्षं झाल्यावर, बोर्लीची रबिया पॅरिसला पोचली. मुली आत्याकडे राहिल्या होत्या. क्रेपचं दुकान काढायचं ठरलं होतं, म्हणून या दोघींना काम एकच होतं: खायचं आणि लक्षात ठेवायचं.

मोंपार्नास स्टेशनाच्या मागे एक गल्ली आहे, तिथे ओळीने क्रेपची दुकानं. सकाळपासून दोघी एकेक दुकान घ्यायच्या. लैला फ्रेंच बोलायची, रबिया चाखायची. काळसर पिठाचं खारं क्रेप तिला नाचणीच्या भाकरीच्या भावंडासारखं लागलं. "हे पीठ रात्रभर भिजवलंय," ती म्हणाली, आणि लैलाने आत जाऊन विचारलं तर खरंच. गोड क्रेपमध्ये खारं लोणी आणि करपायच्या बेतात आणलेली साखर होती. एकीकडे क्रेप पेटवून आणलं, निळी ज्योत नाचत होती. रबियाने वास घेतला आणि बशी मागे सरकवली. "मामा, दारू." लैलानेही आपली सरकवली. आगगाडीने जाऊन दोन दिवस समुद्रकाठच्या एका गावी राहिल्या, तिथे लोण्याने थबथबलेला, पापुद्र्यांचा एक केक खाल्ला. रबियाने तो चार वेळा खाल्ला, चौथ्यांदा कामाचं कारणही नव्हतं. तव्यावर पीठ फिरवणारी तिथली म्हातारी तिच्याकडे पाहत होती. तिने लाकडी दांडी रबियाच्या हातात दिली. रबियाचं डावं मनगट पुरतं वळत नव्हतं, म्हणून तिने एकट्या उजव्या हातानेच फिरवली, आणि क्रेप पहिल्याच फटक्यात गोल आलं. म्हातारीने टाळ्या वाजवल्या.

परतायच्या आदल्या दिवशी दुपारी पॅरिसमध्ये दोघी एका टपरीवरून क्रेप घेऊन मेट्रोचा जिना उतरत होत्या. जिन्याच्या वळणावर दोघेजण समोर आले. एकाने लैलाच्या पर्सचा पट्टा धरून हिसडा दिला. लैलाने सोडली नाही. त्याने तिच्या तोंडावर बुक्की मारली. ओठ फाटला, डोकं फरशीच्या भिंतीवर आपटलं, तरी तिने पट्टा सोडला नाही. तो दुसऱ्यांदा हात उगारतो तोवर रबिया मधे शिरली होती.

आपण मधे शिरलो हे तिला नंतर कळलं. त्या क्षणी तिला एवढंच दिसलं की एक पुरुष एका बाईला मारतोय, आणि तिच्या हातात कागदात गुंडाळलेलं, आतून उकळत्या साखरेने भरलेलं क्रेप आहे. तिने ते त्याच्या डोळ्यांवर चेपलं आणि तळव्याने चोळलं. तो किंचाळत खाली बसला. दुसऱ्याने खिशातून पातं काढलं आणि तिच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत ओढलं. रक्त बाहीतून बदाबदा आलं. रबियाने त्याची पात्याची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि अंगठ्याच्या बुडाशी दात रुतवले. तो तिच्या डोक्यात बुक्क्या घालत होता. तिने दात काढले नाहीत. दातांखाली काहीतरी कडक लागेपर्यंत ती चावत राहिली. पातं खाली पडलं, आणि दोघे धडपडत पळाले.

इस्पितळात चौदा टाके पडले. लैलाच्या ओठाला तीन. सुजलेल्या तोंडाने लैला हसत होती, रडत होती, आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "तू दात लावलेस! वेडे, तू त्याला दात लावलेस!"

रबियाच्या तोंडात साखर, खारं लोणी आणि परक्या माणसाचं रक्त यांची एकत्र चव होती, आणि चूळ भरूनही ती जात नव्हती. जखमेची तिला भीती वाटली नाही. भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटली: इतकी वर्षं मार खाल्ला, पण मारल्यावर इतकं बरं वाटतं हे तिला ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी लैलाने दुकान काढलं. त्याच उन्हाळ्यात घरकामाचा व्हिसा बदलून कंपनीचा करून घ्यायची सरकारने थोड्या दिवसांची मुभा दिली, आणि रबिया घरकामवालीची दुकानातली कामगार झाली. अडचणीची गोष्ट एकच होती. जागा मिळाली ती फहाहीलला, समुद्राच्या बाजूला, मच्छीबाजारापासून पायी दहा मिनिटांवर.

"मामा, तिथे माझा नवरा असतो."

"तू चाकूवाल्याला चावलीस," लैला म्हणाली. "नवऱ्याला घाबरतेस?"

रबियाच्या मनात आलं: चाकूवाला एकदाच भेटला होता.

दुकान चाललं. समोर दोन गोल काळे तवे, मागे रबिया. कॉफीच्या यंत्रावर राजापूरचा नौमान, पंचावन्न वर्षांचा, पोटाच्या ऑपरेशनने वाकलेला, तोंडाने अखंड बडबडणारा. शुक्रवारी मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतल्या इंजिनिअरांची कुटुंबं यायची, पुण्या-नाशिकची. मुक्ता नावाची एक बाई पहिला घास घेऊन म्हणाली होती, "अहो, हे तर घावन!" आणि नंतर दर शुक्रवारी काउंटरशी उभी राहून रबियाशी मराठीत गप्पा मारायची. तिने काढलेला एक फोटो या फोनवरून त्या फोनवर फिरला. त्यात रबिया तव्यामागे हसत होती.

अकबर आला तो तो फोटो बघून. लाँच सोडून आता तो मच्छीबाजारात गाळ्यावर बसायचा. केस पांढरे झाले होते, अंगाला मासळीचा वास. त्याने खुर्ची ओढली, एक क्रेप मागवलं, शांतपणे सगळं खाल्लं, बोटं पुसली.

"मोठी झालीस," तो म्हणाला.

रबिया तव्याची कड धरून उभी राहिली आणि कड तापलेली आहे हे तिला उशिरा जाणवलं.

"झरीनचं ठरवलंय मी," तो म्हणाला. "माझ्या गाळ्यावर भागीदार हाय, मंगफला राहतो. चांगला माणूस."

"वय काय त्याचं?"

"अडतीस."

"ती सतरा वर्षांची हाय. बारावीला बसतेय. तिला नर्सिंगला घालायचंय."

"मी विचारायला नाय आलो. सांगायला आलो." तो उठला. "तुझ्या आईला फोन कर. ईदनंतर मी जातोय."

रबियाने आईला फोन केला, पण वेगळंच सांगितलं. झरीनचे दाखले, आधार, सगळं भावाकडे महाडला पोचवा. पोरीला तिथेच कॉलेजच्या वसतिगृहात ठेवा. अकबर दारात आला तर दार उघडू नका. हे बोलताना एकही वाक्य तिने दोनदा म्हटलं नाही.

दहा दिवसांनी, गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला, दुकानात तीन गिऱ्हाइकं असताना, अकबर आला. या वेळी त्याने खुर्ची ओढली नाही. काउंटरची झडप उचलून तो सरळ आत घुसला.

"पोर कुठे ठेवलीस?"

तिने तोंड उघडण्याआधी त्याने ओढणीसकट तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड स्टीलच्या ओट्यावर आपटलं. एकदा. मग पुन्हा. समोरचा एक दात तुटून पिठाच्या भांड्यात पडला. गिऱ्हाईक बाई ओरडत बाहेर पळाली. नौमान दुधाचं भांडं घेऊनच धावला, "ए! ए! छोड उसको!" अकबरने मागे न बघता लाथ घातली, ती ऑपरेशनच्या जागी बसली आणि नौमान यंत्राला धरून खाली घसरला. अकबरने रबियाला केसांनी वर उचललं. तिच्या नाकातून, तोंडातून रक्ताची धार लागली होती.

"कुठे ठेवलीस, सांग! नायतर आज इथंच पुरतो तुला!"

तिला तिसऱ्यांदा आपटण्यासाठी त्याने एक हात ओट्यावर टेकवून जोर घेतला. तो हात तव्यापासून वीतभर अंतरावर होता.

रबियाने ते मनगट धरलं. आपल्या अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकला आणि हात तव्यावर नेऊन दाबला.

अकबरचा आवाज माणसाचा राहिला नाही. त्याने तिचे केस सोडले, तिच्या कानावर, मानेवर, पाठीवर मोकळ्या हाताने गुद्दे मारले, लाथा झाडल्या. तिने कोपर त्याच्या मनगटावर रोवलं आणि दोन्ही पाय जमिनीवरून उचलले, की सगळं वजन तिथेच यावं. चर्र आवाज आला, मग वास आला. तो आता मारत नव्हता. नुसता "रबिया, रबिया" म्हणत होता. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारल्याचं तिला आठवत नव्हतं.

नौमानने सरपटत येऊन तिच्या कमरेला मिठी घातली आणि ओढलं. "सोड गे बाय! मरेल तो! सोड!" दोघं मिळून मागे कोसळली. तव्यावर जे चिकटून राहिलं होतं त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

मखफर, म्हणजे पोलीस ठाण्यात, रबियाला तोंडाला टॉवेल धरून बसवलं होतं. तपास अधिकाऱ्याने दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण तिच्यासमोरच लावलं. लैला वकिलाला घेऊन आली होती. चित्रणात सगळं स्वच्छ दिसत होतं: कोण आत घुसला, कुणी पहिला हात टाकला, दात कसा पडला. लैलाने सुटकेचा निःश्वास टाकला. पण अधिकाऱ्याने चित्रण मागे नेलं आणि शेवटचा भाग पुन्हा लावला. मोठ्याने मोजू लागला. वाहद, इत्नैन, तलाता... तो अकरापर्यंत गेला.

"पहिले दोन-तीन सेकंद मी समजू शकतो," तो म्हणाला. "पुढचे आठ कशाचे?"

वकील काही सांगू लागला. लैलाने विनवणीच्या नजरेने रबियाकडे पाहिलं: काही तरी बोल, भीती वाटली म्हण, भान नव्हतं म्हण. रबियाला अरबी पुरेशी येत होती. तिने टॉवेल काढला.

"मला सोडायचं नव्हतं," ती म्हणाली.

अधिकाऱ्याने लिहिलं ते काय लिहिलं, हे तिला कधी कळलं नाही.

तीन आठवडे गेले. दोघांपैकी कुणीही खटला लढला असता तर दोघांनाही देशाबाहेर काढलं असतं, हे दोन्ही वकिलांनी आपापल्या अशिलाला सांगितलं. शेवटी दोघांनी तक्रारी मागे घेतल्या. रबियाने आपल्या सहीआधी दोन गोष्टी मागितल्या: फारकत, आणि झरीनच्या लग्नाचं नाव काढणार नाही असं लेखी. अकबरच्या उजव्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. त्याने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली, त्याखाली अंगठाही डाव्याच हाताचा उठवला. सही करताना तिच्याकडे पाहिलं नाही.

कुवेतातल्या कोकणी लोकांत गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. कुणी म्हणालं, बाईने बरं केलं. कुणी म्हणालं, नवऱ्याला तव्यावर घालणारी बाई, तोबा. नूरबानू नावाची तिची खोलीतली सोबतीण दुसरी खोली बघून निघून गेली. भांडली नाही, पण रबियाच्या हातचा चहा घेईना. मुक्ता मात्र पुढच्याच शुक्रवारी आली, काउंटरशी उभी राहिली, आणि तिने रबियाच्या गालाला हलकेच हात लावला.

लैला दुकानात जुना तवा ठेवायला तयार नव्हती. नवीन आणला. रबियाला तिने महिनाभर मागे, सारण भरायला ठेवलं. "तुला घाबरत नाही मी," ती म्हणाली. मग म्हणाली, "खोटं कशाला बोलू? थोडी घाबरते." रबियाला राग आला नाही. महिन्याने ती आपण होऊन तव्यापुढे आली. पहिल्या दिवशी पीठ पडल्याचा चर्र आवाज झाला आणि तिला मागे जाऊन ओकावं लागलं. चौथ्या दिवशी नाही.

चित्रण कुणीतरी फोनवरून पाठवलं, कसं ते कळलं नाही, आणि ते महाडला झरीनपर्यंत पोचलं. तिचा फोन सकाळी आला.

"अम्मी, मी बघितलं."

"का बघितलंस गे?"

"सगळ्यांनी बघितलं. माझ्या वर्गातल्या पोरी मला विचारतात." मग ती म्हणाली, "त्याने मारलं ते मला कळलं. तू त्याचा हात तव्यावर लावलास तेही कळलं. पण अम्मी, तो ओरडत होता तेव्हा तू सोडत का नव्हतीस?"

रबियाला वाटलं होतं, आपल्याला हे विचारणारा तो एकच अधिकारी. लेकीला काय सांगायचं याचा तिने विचार केला नव्हता. हात मोडला होता त्या सकाळी झरीन ओट्याखाली बसली होती, तिला ते आठवत असेल का, हेही तिने कधी विचारलं नव्हतं.

"मला बरं वाटत होतं," ती म्हणाली. "खोटं नाय सांगत. बरं वाटत होतं आणि ते थांबू नये असं वाटत होतं. तू तसं कधी करू नको. आणि तुझ्यावर कुणी हात टाकला तर गप्पही बसू नको."

"म्हणजे मी काय करू?"

"ते मलाही नाय कळलं अजून."

झरीन रडू लागली. रबिया फोन धरून बसली. तवा तापायला ठेवलेला होता, तो तिने बंद केला आणि लेक रडायची थांबेपर्यंत बसून राहिली.

झरीन बारावी पास झाली आणि नर्सिंगला गेली. रबियाने तुटक्या दाताच्या जागी नवा बसवून घेतला, तो शेजारच्या दातांपेक्षा जरा पांढरा दिसतो. लैला पुन्हा पॅरिसला निघाली आणि तिला चल म्हणाली. रबिया गेली, पण मेट्रोचा जिना टाळून दोघी टॅक्सीने फिरल्या. या खेपेला समुद्रकाठच्या त्या गावी म्हातारीच्या जागी तिची सून होती, आणि केक मागच्यापेक्षा थोडा जास्त गोड झाला होता.

हिवाळ्यात एकदा नौमानला ताप होता, म्हणून त्याच्यासाठी पापलेट घ्यायला रबिया मच्छीबाजारात गेली. तिथे जायचं तिने वर्षभर टाळलं होतं. अकबर एका गाळ्यापुढे उभा होता. डाव्या हाताने मासा उलटापालटा करून बघत होता. उजवा खिशात होता. त्याने मान वर केली, तिला ओळखलं, आणि पटकन दोन पावलं मागे सरला. पाठीमागच्या बर्फाच्या पेटीला धडकला.

त्या दोन पावलांची तिने किती वर्षं वाट पाहिली होती. आता ती समोर पडली तर तिच्या मनात काही उसळलं नाही. तिच्याकडे पाहून एक माणूस घाबरला, एवढंच. आपण कधीकाळी असंच कुणापुढून मागे सरायचो, ते तिला आठवलं, आणि तिला ते पाहवेना. तिने मान फिरवली, पुढच्या गाळ्यावर दोन पापलेटं निवडली, कल्ले उघडून ताजेपणा बघितला आणि कापून द्यायला सांगितलं.